निकालानंतरची निवडणूक



गोव्याच्या विधानसभेची मुदत मार्च २०२७मध्ये संपते. म्हणजे निवडणूक त्याआधी होणार, आणि गावोगावी ती सुरूही झाली आहे. चतुर्थीला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या आराशीचं, सामान घरपोच करणारे, दहावी पास झालेल्या मुलांचे सत्कार करणारे, फुटबॉलच्या स्पर्धांना चषक देणारे चेहरे आपण बघतोच आहोत. व्याख्यानमालेच्या संयोजकांनी मला विषय दिला तो ‘येती निवडणूक आणि रिंगणातले पक्ष’. कोणाला किती जागा मिळतील हे सांगणारा माणूस चहाच्या प्रत्येक टेबलावर एक तरी असतो, त्याच्या पोटावर मी पाय आणणार नाही.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या निवडणुकीबद्दल. गोव्यात मतमोजणीनंतर आणखी एक निवडणूक होते. तिची अधिसूचना निघत नाही, तिला आचारसंहिता नसते आणि तिच्यात मतदार फक्त चाळीस असतात, म्हणजे आपण निवडून दिलेले आमदार. २०१७मध्ये सरकार कोणाचं, हे या दुसऱ्या निवडणुकीनं ठरवलं. २०१९मध्ये मुख्य विरोधी पक्ष जवळजवळ संपला तो तिच्यातच, आणि २०२२मध्येही तसंच झालं. आपण सुमारे ७९ टक्के मतदान करतो आणि त्याचा अभिमानही बाळगतो. पण पहिल्या निवडणुकीचा निकाल दुसरीत पुसला जात असेल, तर या अभिमानाचं काय करायचं, हा माझा आजचा प्रश्न आहे.

घटना तुम्हाला माहीत आहेत, तरी ओळीनं मांडतो, कारण सुट्या सुट्या बघितल्या की त्या किस्से वाटतात. २०१७मध्ये काँग्रेसला १७ जागा मिळाल्या, भाजपला १३. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला (मगो) तीन, गोवा फॉरवर्डला तीन, राष्ट्रवादीला एक, अपक्ष तीन. भाजपला सत्तेवरून हटवा, असा प्रचार करून गोवा फॉरवर्डनं त्या तीन जागा जिंकल्या होत्या, आणि काही दिवसांत तो पक्ष मनोहर पर्रीकरांच्या मंत्रिमंडळात बसला. १७ जागांचा पक्ष नेता कोण यावर खल करत राहिला आणि १३ जागांच्या पक्षानं राज्यपालांकडे २१ सह्या नेल्या. १७ मार्च २०१९ला पर्रीकर गेले, १९ तारखेला पहाटे दोनच्या सुमारास प्रमोद सावंतांचा शपथविधी झाला. त्याच महिन्यात मगोच्या तिघांपैकी दोन आमदार मध्यरात्री भाजपमध्ये विलीन झाले आणि तिसरे, सुदिन ढवळीकर, उपमुख्यमंत्रिपदावरून गेले. जुलैमध्ये काँग्रेसच्या उरलेल्या पंधरांपैकी दहा आमदार विरोधी पक्षनेत्यासकट भाजपमध्ये गेले. मग गोवा फॉरवर्डला सरकारमध्ये ठेवायची गरज उरली नाही, आणि त्यांचीही मंत्रिपदं गेली.

२०२२मध्ये काँग्रेसनं धडा घेतला. उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात नेलं, बांबोळीच्या खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, नेलं, बेतीच्या दर्ग्यात नेलं आणि तिन्ही ठिकाणी पक्ष सोडणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. शिवाय प्रतिज्ञापत्रंही लिहून घेतली. ‘आप’नंही आपल्या उमेदवारांकडून प्रतिज्ञापत्रं घेतली होती. काँग्रेसचे ११ जण निवडून आले. १४ सप्टेंबर २०२२ला त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. शपथेचं काय, असं पत्रकारांनी विचारल्यावर त्या आठांतल्या दिगंबर कामत यांनी सांगितलं, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं आणि देवानं जे योग्य वाटेल ते करायला सांगितलं. देवाचा प्रसाद आणि कौल घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. पण त्यात गाऱ्हाणं घालणारा आणि कौल सांगणारा वेगवेगळे असतात, एवढं मी नम्रपणे नोंदवतो.

यावर आपल्या चर्चा जातात त्या माणसांच्या स्वभावाकडे. लोभी आहेत, विकले गेले, लाज नाही. असेल तसंही. पण चाळीस-पन्नास वर्षं, वेगवेगळ्या पक्षांतली, वेगवेगळ्या जातिधर्मांची माणसं एकसारखीच वागत असतील, तर फक्त स्वभावाला दोष देऊन भागत नाही. ही जागाच अशी काय आहे, की इथे बसणारा प्रत्येक जण असा वागतो, हे बघायला हवं.

थोडं मागे जाऊ. ९ डिसेंबर १९६३ला गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाची पहिली निवडणूक झाली, सभागृह तीस जणांचं. त्या वेळी पक्ष म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. मगोच्या सिंहामागे बहुजन समाज उभा होता, कुळं होती, जमीनदाराच्या जागेत घर असलेले मुंडकार होते, ज्यांच्या घरात तोवर कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं ते होते. डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स (युगो) पक्षामागे मुख्यतः ख्रिस्ती समाज होता आणि महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे हिंदूही होते. काँग्रेसकडे नेहरूंचं नाव होतं, मुक्तीचं श्रेय होतं, आणि तिला गोव्याच्या भूमीवर एकही जागा मिळाली नाही, कारण तिच्या व्यासपीठावर भाटकार, म्हणजे जमीनदार, बसलेले लोकांना दिसत होते. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक, पण त्यांच्या सरकारनं १९६४मध्ये कूळ कायदा आणला आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. पुढे शशिकलाताई काकोडकरांच्या काळात, १९७५ साली मुंडकार कायदा झाला.

आणि मतदार? १६ जानेवारी १९६७ला जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचं तर फुलावर शिक्का, वेगळं राहायचं तर दोन पानांवर. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विलीनीकरणाचा प्रश्न निकालात निघाला. आता बघा, त्यानंतर अडीच महिन्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं. महाराष्ट्रात जायचं नाही, पण कुळाच्या बाजूचं सरकार पाहिजे. दोन प्रश्न, दोन वेगळी उत्तरं. या मतदाराला समज नाही असं जे म्हणतात त्यांनी १९६७चं ते वर्ष एकदा उलगडून वाचावं.

मराठी वाचक-श्रोत्यांना विलीनीकरणाचा हा पराभव अजून सलतो, मला माहीत आहे. माझ्या दृष्टीनं त्या वर्षानं आणखी एक गोष्ट केली. मगो आणि युगो ज्या प्रश्नावर उभे होते तो प्रश्नच संपला. कोकणी की मराठी हा भाषेचा वाद फेब्रुवारी १९८७च्या राजभाषा कायद्यानं मिटवला, निदान कागदावर. ३० मे १९८७ला घटक राज्य मिळालं. कूळ-मुंडकारांचे कायदे झाले, दावे मात्र मामलेदार कचेऱ्यांत रेंगाळत राहिले. पक्ष ज्यांच्यासाठी जन्मले ती कारणं एकामागून एक मिटली आणि पक्ष तेवढे उरले. त्या रिकाम्या जागेत माणसं येऊन बसली, म्हणजे अमक्याचा मतदारसंघ, तमक्याचं घराणं, ढमक्याची मतं.

१९८९ला चाळीस जागांची पहिली निवडणूक झाली. काँग्रेस २०, मगो १८, अपक्ष दोन. यापेक्षा चुरशीचा निकाल लागणं कठीण. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले आणि काही महिन्यांत काँग्रेसचे आमदार फुटले, त्यांत सभापतीच होते. चर्चिल आलेमांव १८ दिवस मुख्यमंत्री होते, मग फुटीर सभापती लुईस प्रोत बार्बोझ मुख्यमंत्री झाले. पुढच्या जानेवारीत मगोचा गट फोडून रवी नाईक आले. १९९४मध्ये हेच रवी नाईक पुन्हा मुख्यमंत्री झाले, तेव्हा आठवडाभरही टिकले नाहीत. २०००च्या ऑक्टोबरात पर्रीकर पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले, तोवरच्या दहा वर्षांत शपथविधी डझनभर झाले होते. त्या काळात फोडाफोडीचा फायदा मुख्यतः काँग्रेसच्या गटांनी घेतला, आज भाजप घेतो. तेव्हा आजच्या काँग्रेसवाल्यांनी फार सात्त्विक चेहरा करू नये.

त्या गोंधळातून देशाला एक निवाडा मिळाला. रवी नाईक विरुद्ध भारत सरकार, १९९४. पक्षाचं सदस्यत्व ‘स्वेच्छेनं सोडणं’ म्हणजे केवळ राजीनामा देणं असं नाही, वागण्यावरूनही ते सिद्ध होऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं त्यात सांगितलं. पक्षांतराचा कोणताही खटला निघाला की आजही वकील हा निवाडा काढतात. मात्र खुद्द नाईकांची अपात्रता त्याच निकालात रद्द झाली, कारण पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र फुटले तर कायदा तेव्हा त्याला फूट मानायचा आणि फुटीला माफी होती.

आता त्या कायद्याकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबणार आहे. १९८५मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं दहावं परिशिष्ट आलं. एकट्या-दुकट्यानं पक्ष बदलला तर आमदारकी जाईल, पण एक तृतीयांश फुटले तर चालेल. २००३च्या एक्क्याण्णवाव्या दुरुस्तीनं ही एक तृतीयांशाची वाट बंद केली. उरली ती विलीनीकरणाची वाट, परिच्छेद चार. विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य दुसऱ्या पक्षात विलीन व्हायला तयार असतील तर ते अपात्र ठरत नाहीत.

दोन तृतीयांश हा आकडा दिल्लीत बसून फार मोठा वाटतो. उत्तर प्रदेशात शंभर आमदारांचा पक्ष असेल तर त्याला ६७ माणसं जमवावी लागतील. गोव्यात? २०१९मध्ये काँग्रेसचे १५ आमदार होते, दहा लागत होते, बरोबर दहाच गेले. २०२२मध्ये अकरा होते, आठ लागत होते, बरोबर आठच गेले. मगोच्या तिघांतून दोन लागत होते, दोनच गेले. हिशेब असा चोख असतो की वाणसामानाच्या दुकानदारानं मान डोलवावी. आणि पक्षाचा आमदार एकच असेल तर? डिसेंबर २०२१मध्ये राष्ट्रवादीचे गोव्यातले एकमेव आमदार चर्चिल आलेमांव तृणमूलमध्ये गेले. आपला विधिमंडळ पक्ष तृणमूलमध्ये विलीन होत असल्याचं पत्रच त्यांनी सभापतींना दिलं. म्हणजे एका माणसानं स्वतःशी बैठक घेतली, ठराव मांडला, आणि तो एकमतानं मंजूर झाला.

मूळ पक्ष विलीन व्हायला नको का, हा प्रश्न न्यायालयात गेला होता. दिल्लीतल्या काँग्रेसनं तर भाजपमध्ये विलीन व्हायचं ठरवलं नव्हतं. २०१९च्या बारा आमदारांविरुद्धचे अर्ज सभापतींनी एप्रिल २०२१मध्ये फेटाळले. मग प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाकडे आलं. पीठानं निकाल दिला, की विधिमंडळ पक्षाचे दोन तृतीयांश सदस्य तयार असले की पुरे. या निकालाची तारीख ध्यानात घ्या : २४ फेब्रुवारी २०२२. पुढच्या विधानसभेचं मतदान १४ फेब्रुवारीला होऊन गेलं होतं. ज्या आमदारांबद्दल वाद होता त्यांची मुदत भरत आली होती, यंत्रं सील होऊन स्ट्राँगरूममध्ये पडली होती, तेव्हा कायद्यानं सांगितलं की ते पात्र होते. अपात्र ठरवले असते तरी फरक काय पडला असता?

कायद्याइतकंच आकारमानाचंही कारण आहे. २०२२ला गोव्यात मतदार साडेअकरा लाखांच्या आसपास होते, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी २९ हजार. महाराष्ट्रातल्या एका विधानसभा मतदारसंघात सव्वातीन लाखांहून अधिक मतदार असतात. पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रभागापेक्षाही आमचा मतदारसंघ लहान. सांत आंद्रेत रिव्होल्युशनरी गोवन्स (आरजी) पक्षाचे वीरेश बोरकर ७६ मतांनी जिंकले, त्यांना पाच हजार चारशे मतंही नव्हती. फोंड्यात रवी नाईक ७७ मतांनी आले. साखळीत खुद्द मुख्यमंत्री सावंत ६६६ मतांनी जिंकले, पणजीत मनोहर पर्रीकरांचे पुत्र उत्पल ७१६ मतांनी पडले. इतक्या मतदारांत उमेदवार प्रत्येक वाडा ओळखतो. कोणाच्या घरी लग्न, कोण इस्पितळात, कोणाचा मुलगा गल्फमधून परत आला, सगळं त्याला माहीत असतं. मतं त्याची वैयक्तिक असतात आणि पक्षालाही हे कळतं. म्हणून पक्ष उमेदवार घडवत बसत नाही, मतं असलेला माणूस आयता आणतो. जो मतं घेऊन आला तो मतं घेऊन जाणारच, यात पक्षानं गळा काढण्यासारखं काय आहे?

त्यात मंत्रिपदांचा हिशेब मिसळा. मंत्रिमंडळ सभागृहाच्या १५ टक्क्यांहून मोठं नको, हे त्याच २००३च्या दुरुस्तीनं ठरवलं. पण लहान राज्यांसाठी किमान बारा. चाळीसचे १५ टक्के म्हणजे सहा, आमच्याकडे मात्र बारा. बहुमताला २१ लागतात, म्हणजे काठावरच्या सरकारात निम्म्याहून अधिक आमदार मंत्री. उरलेल्यांना महामंडळं. कुठल्या मोठ्या राज्यात सत्ताधारी बाकावर जाण्याचा मोबदला इतका जवळ असतो?

मोबदला फक्त आमदाराला नसतो, आपल्यालाही असतो, हे इथे बोलायलाच हवं. पाण्याचा टँकर, नोकरीसाठी शब्द, घराचा नंबर, रस्त्याचं हॉटमिक्स, सगळं आमदाराच्या दारातून जातं. गोव्यात १९१ पंचायती आहेत, दोन जिल्हा पंचायती आहेत, आणि त्यांच्या हातात खरे अधिकार किती आहेत हे एखाद्या सरपंचाला खासगीत विचारा. आमदार विरोधी बाकावर असेल तर गावाचं काम अडतं, असा मतदाराचा अनुभव असतो. मग तोच म्हणतो, ‘बाब, तूं सरकारांत वच.’ हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. पंचायतीला पैसा आणि अधिकार दिले, तर पक्षांतराचं अर्धं कारण नाहीसं होईल. कुठलाही पक्ष ते देत नाही, कारण पाचही वर्षं दारात रांग लागावी अशी प्रत्येक आमदाराची इच्छा असते, विरोधकाचीही.

तरीही मतदार पक्षांतर खपवून घेतो असं मी म्हणणार नाही. २०१९ला काँग्रेसमधून गेलेल्या दहा जणांपैकी २०२२मध्ये तिघंच परत निवडून आले : पणजी आणि ताळगावचं मोन्सेरात दांपत्य, आणि थिवीचे नीळकंठ हळर्णकर. सात जणांना लोकांनी घरी बसवलं. शिक्षा झाली, पण अडीच वर्षांनी झाली आणि तोवर सरकारचं काम निभावलं होतं. शिवाय त्या सातांपैकी एकाला पाडून सांताक्रुझमधून जे काँग्रेसचे उमेदवार आले, तेच सप्टेंबरात पुन्हा त्या आठांत होते. मतदारानं करायचं तरी काय?

उलट, राजीनामा देऊन पुन्हा लोकांपुढे जाण्याची वाटही गोव्यानं बघितली आहे. २०१७ला विश्वजित राणे काँग्रेसमधून आमदारकीचा राजीनामा देऊन बाहेर पडले आणि वाळपईतून पोटनिवडणूक जिंकून भाजपचे आमदार झाले. २०१८मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनीही तसेच राजीनामे दिले. पोटनिवडणुकीत शिरोडकर शिरोड्यातून ७६ मतांनी वाचले, सोपटेंनी मांद्रे राखलं. त्यांचं पक्षांतर मला पटलं नाही. पण त्यांनी मतदाराला विचारलं, आणि मतदारानं होकार दिला तर तो त्याचा अधिकार आहे. शिरोड्यात ७६ मतं इकडची तिकडे झाली असती तर उत्तर नकाराचं आलं असतं. विलीनीकरणात ही ७६ मतं मोजायची वेळच येत नाही.

आता रिंगणातल्या पक्षांकडे बघू. भाजपनं २०२२ला तेहेतीस टक्के मतांत २० जागा घेतल्या. आठ जण आल्यावर २८ झाले, मगोचे दोन आणि अपक्ष तीन धरून ३३. समोर सात उरले : काँग्रेसचे तीन, आपचे दोन, गोवा फॉरवर्ड आणि आरजीचा एकेक. या सातांतला कोणीही गेला नाही, हे त्यांच्या श्रेयाचं आहे. भाजपकडे संघटना आहे, दिल्लीचा पाठिंबा आहे, आणि ‘म्हजें घर’सारखी योजना आहे. सरकारी आणि कोमुनिदादीच्या, म्हणजे गावकीच्या, जमिनीवरची जुनी घरं नियमित करण्याची ही योजना थेट उंबरठ्यापर्यंत जाते. मुंडकार कायद्याची आठवण यावी असा तो विषय आहे, म्हणूनच विरोधक तिला नुसतं नाव ठेवून सुटणार नाहीत. त्या पक्षाची अडचण त्याच्या घरातच आहे. जुना कार्यकर्ता आणि आयात आमदार एकाच तिकिटाच्या रांगेत उभे आहेत. कामत यांनी २००५मध्ये भाजप सोडून पर्रीकरांचं सरकार पाडायला हातभार लावला होता, काँग्रेसकडून ते मुख्यमंत्रीही झाले, आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये भाजपच्या सरकारात मंत्री झाले. मडगावात सतरा वर्षं त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटलेल्या भाजप कार्यकर्त्याला काय वाटत असेल?

काँग्रेसला २०२२मध्ये साडेतेवीस टक्के मतं होती. हा पक्ष गोव्यात मतदारांकडे आहे, आमदारांकडे टिकत नाही. सासष्टीत आणि तिसवाडीत आजही माणसं हाताला मत देतात, उमेदवार कोण ते नंतर बघतात. मगो एके काळी राज्य चालवत होता. आता दोन आमदारांवर आला आहे. २०२२ला तृणमूलबरोबर लढला आणि निकालानंतर भाजपबरोबर मंत्रिमंडळात गेला. सिंहाचं चिन्ह अजून फोंडा-पेडण्यात मतं आणतं, पण मगोला मत दिलं तर ते कुठे पोचेल, हे मगोचा निष्ठावंतही छातीठोक सांगू शकत नाही. तृणमूल पाच टक्के मतं घेऊन शून्यावर राहिला. आपला पावणेसात टक्क्यांत दोन जागा, आरजीला साडेनऊ टक्क्यांत एक. विरोधी मतं अशी वाटली गेली, की तेहेतीस टक्क्यांना अर्धं सभागृह मिळालं. युतीच्या बैठका आता होतील, फोटो निघतील, आणि अर्ज मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत सगळं अधांतरी राहील.

आरजीबद्दल दोन वाक्यं जास्त बोलतो. १९६१पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचे वंशज तेच गोंयकार, त्यांनाच नोकऱ्या आणि सवलती, अशी या पक्षाची मागणी. जमीन हातातून जात असल्याची जी भीती गावांत आहे ती खरी आहे. नगरनियोजन कायद्यातल्या भूरूपांतराच्या कलम १७(२)चे नियम उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये रद्द केले. डिसेंबरात हडफड्याच्या नाइटक्लबमध्ये आग लागून २५ माणसं गेली, तेव्हा परवाने कसे दिले जातात तेही सगळ्यांनी बघितलं. पण या भीतीवर जन्माचा दाखला हा उपाय मला मान्य नाही. सावंतवाडी-दोडामार्गहून रोज पेडण्यात कामाला येणारा तरुण गोव्याची जमीन विकत नाही. ती विकणाऱ्यांची आणि विकू देणाऱ्यांची आडनावं पुष्कळदा अस्सल गोंयकार असतात.

दोन गोष्टी या वेळी नव्या आहेत. आदिवासी समाजाला विधानसभेत आरक्षण देणारा कायदा ऑगस्ट २०२५मध्ये संसदेनं केला. २०११च्या जनगणनेत गोव्यात अनुसूचित जमातींचे १,४९,२७५ लोक होते, एकूण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांहून अधिक, आणि त्यांच्यासाठी राखीव जागा एकही नव्हती. गावडा, कुणबी आणि वेळीप समाज २००३पासून अनुसूचित आहेत, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललं. केपे, सांगे, काणकोणची गणितं या कायद्यानं बदलतील. दुसरी गोष्ट मतदारयाद्यांची. नोव्हेंबर २०२५पासून गोव्यात याद्यांची विशेष सखोल फेरतपासणी झाली. परदेशी असलेले, पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनमध्ये जन्मनोंदणी केलेले, जहाजावर नोकरी करणारे, पत्ता बदललेले, अशी गोव्यातली प्रकरणं गुंतागुंतीची आहेत. ७६ आणि ७७ मतांनी आमदार होणाऱ्या राज्यात यादीतलं एकेक नाव तपासलं पाहिजे, चुकीनं राहिलेलंही आणि चुकीनं गेलेलंही.

उपाय काय, असं मला हमखास विचारलं जातं. विधी आयोगानं १९९९मध्येच सांगितलं होतं, की फूट आणि विलीनीकरण या दोन्ही सवलती काढून टाका. राज्यघटनेच्या आढाव्यासाठी नेमलेल्या वेंकटचलय्या आयोगानं २००२मध्ये सांगितलं, की पक्ष सोडणाऱ्यानं, एकट्यानं सोडो की गटानं, राजीनामा देऊन पुन्हा निवडून यावं आणि उरलेल्या मुदतीत मंत्रिपद घेऊ नये. फुटीची सवलत गेली. विलीनीकरणाची ठेवली, कारण ती प्रत्येक पक्षाला कधी ना कधी लागते. परिच्छेद चार रद्द करणं संसदेच्या हातात आहे. गोव्याची विधानसभा तसा ठराव करून तो दिल्लीला पाठवू शकते. २०२७च्या जाहीरनाम्यात हा ठराव आणण्याचं वचन द्यायला कुठल्याही पक्षाला एक पैसाही खर्च नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुढच्या काही महिन्यांत उमेदवार तुमच्या दारात येईल. माटोळीचं सामान घ्या, नको म्हणू नका, सणाला आलेल्याला परत पाठवत नाहीत. पण त्याला पाण्याबद्दल विचारण्याआधी एवढंच विचारा : पक्ष बदलायची वेळ आली, तर आधी आमदारकीचा राजीनामा देऊन इथे परत येणार का? हो म्हणाला तर चार शेजाऱ्यांसमोर, कॅमेऱ्यावर म्हणायला लावा. दुसरा उमेदवार आला की त्यालाही विचारा, तिसऱ्यालाही. देवळात, खुरसापुढे, दर्ग्यात शपथ नको. तुमच्या सोप्यावर बसून, तुमच्याकडे बघून दिलेलं उत्तर पाहिजे. जो टाळाटाळ करेल त्याला मत देऊ नका.